चौथ्या मजल्यावरचा काळा ठिपका

आमच्या घरात लेखक एकच आहे, आणि तो मी नाही.

हे वाक्य कागदावर उतरवायला मला फार जड गेलं. कारण घरातली बोलणारी मी. लग्नात, बारशात, अगदी तेरवीलासुद्धा (घरच्यांचा अंदाज घेऊन) लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसतात आणि म्हणतात, "वीणाताई, तो रामटेकचा किस्सा सांगा ना, माकडानं चष्मा नेला तो." मी तो किस्सा इतक्यांदा सांगितला आहे की हल्ली त्यात तीन माकडं असतात. कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकात मला भूमिका मिळाली नाही तर मी पडद्याआडून खोकते, पण माझं अस्तित्व जाणवून देते.

आणि आमचे सुधाकरराव? नागपूरजवळ बुटीबोरीतल्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सचे सुपरवायझर. झुपकेदार मिशा, शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहून त्यांचं असं पक्कं मत झालेलं की जगात आवाज पुरेसा आहे, आपण त्यात भर घालू नये. लग्नानंतर ते माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते असं होतं : "या पंख्याचं बेअरिंग गेलं आहे."

तर या माणसाने फॅन फिक्शन लिहिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एखादी मालिका आपल्या मनासारखी संपली नाही, की तिच्यातली पात्रं घेऊन पुढची गोष्ट आपणच लिहायची आणि मोबाइलवरच्या एका ॲपवर टाकायची. बाकीचे चाहते ती वाचतात आणि खाली आपलं मत लिहितात. पैसे मिळत नाहीत, बक्षीस मिळत नाही. मिळतं ते एवढंच : खालचं मत. पण त्या एवढ्याशा ओळीसाठी माणूस काय काय करतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

झालं असं की आम्ही रोज रात्री जेवताना एक मालिका बघायचो. (नाव सांगत नाही. बंद पडलेल्याची बदनामी करू नये.) तिच्यात शलाका नावाची एक गुणी सून होती. एके दिवशी वाहिनीने ती मालिका काही न सांगता बंद केली, आणि बंद केली ती नेमकी शलाका लिफ्टमध्ये अडकलेली असताना! तिसरा आणि चौथा मजला यांच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला तिथे स्वयंपाकाची स्पर्धा सुरू झाली.

मी दोन दिवस चडफडले आणि विसरले. सुधाकरराव विसरले नाहीत. जेवता जेवता मध्येच घास हातात धरून बसायचे.

"काय झालं हो?"

"ती लिफ्टमध्येच आहे."

"कोण?"

"शलाका. असं कोणाले लिफ्टमध्ये सोडून जातेत का? ब्रेक लागला असन तं हातानं सोडवता येते. कोणी पाहालेच गेलं नाही."

मग एका रविवारी आमच्या बिल्डिंगचा वॉचमन वर आला. म्हणाला, "भाभीजी, साहब लिफ्ट में खड़े हैं. ना ऊपर जा रहे, ना नीचे. बस टॉर्च मार रहे हैं." मी धावत गेले. सुधाकरराव लिफ्टच्या छताकडे बघत उभे होते आणि मोबाइलवर काहीतरी टिपून घेत होते. त्या संध्याकाळी गोष्टीचा पहिला भाग ॲपवर गेला. लेखकाचं नाव होतं 'चौथा मजला'.

मला हे पुण्याहून मुक्ताने, आमच्या लेकीने, फोनवर सांगितलं. बाबांना ॲप तिनेच घालून दिलं होतं. मी वाचायला बसले ते थट्टा करायच्या तयारीने. पहिल्या दोन पानांत लिफ्टच्या मोटरचं आणि ब्रेकचं असं वर्णन होतं की ते वाचून कोणीही उद्या लिफ्ट दुरुस्तीचं दुकान टाकावं. पण मग शलाका त्या अंधारात एकटीच बोलायला लागते. सासूशी, आईशी, लहानपणी हरवलेल्या छत्रीशी. मी चष्मा पुसला. माझ्या नवऱ्याच्या पोटात इतके शब्द होते आणि त्यांनी मला बेअरिंगचं सांगितलं होतं!

हळूहळू वाचक जमले. 'मस्त लिहिलं', 'पुढचा भाग कधी?', 'शलाकाला न्याय मिळाला'. आणि मग घरात चमत्कार व्हायला लागले. सुधाकरराव दाढी करताना गुणगुणायला लागले. कंपनीच्या बसमधून उतरले की पायऱ्या दोन दोन करत चढायचे (लिफ्ट असून). जेवताना आपणहून बोलायचे. एकदा तर त्यांनी मला विचारलं, "तुझा दिवस कसा गेला?" मी इतकी घाबरले की त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाची ओळख करून देते. माझ्या सासूबाई. पारशिवनीकडच्या. वय झालं आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. आमच्या घरात आजवर त्यांच्या तोंडून कशाचंही कौतुक निघालेलं नाही. मुक्ता शाळेत पहिली आली तेव्हा पेढे वाटताना त्या शेजाऱ्यांना सांगत होत्या, "कायची हुशार, नुसती खाते आन् झोपते." त्यांच्या हातच्या वडाभाताला पाहुण्यांनी वाहवा केली की म्हणतात, "बेचव झाला आज." मी नवीन साडी नेसून समोर उभी राहिले की म्हणतात, "चालते." (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.) दिवसभर मी एका शाळेच्या ऑफिसात असते, सुधाकरराव कंपनीत. दुपारभर त्या कूलरसमोर आडव्या होऊन मोबाइल ऐकतात. मुक्ताने त्यांच्या मोबाइलमध्ये अशी सोय करून दिली आहे की आपण वाचायची गरज नाही, मोबाइलच वाचून दाखवतो, आणि आपण बोललो की तो लिहून घेतो. त्या भजनं ऐकत असतील, अशी माझी समजूत.

तर तिसऱ्या की चौथ्या भागाखाली एक नवीन वाचक उगवला. नाव नाही. फोटोच्या जागी नुसता एक काळा गोल ठिपका. मत असं : 'कायचं चांगलं. काही खास नाही.'

सुधाकररावांनी ते वाचलं, मोबाइल पालथा ठेवला आणि वरणभात तसाच टाकून उठले.

"अहो, एवढ्या लोकांनी चांगलं म्हटलं ना!"

"ते सोड. हा जो आहे, हा खरं बोलून राहिला."

लेखकांची ही जात मला तेव्हा कळली. अख्खं गाव हार घेऊन उभं असलं तरी यांचं लक्ष त्या एका माणसाकडे, जो हाताची घडी घालून उभा आहे.

पुढच्या भागालाही ठिपका हजर. 'साधंच आहे.' त्याच्या पुढच्या भागाला : 'याच्यापेक्षा बरं तं शेजारचं पोट्टं लिहीन.' दाढी करताना गुणगुणणं बंद झालं. पायऱ्या एक एक झाल्या. माझा दिवस कसा गेला, हे पुन्हा कोणी विचारेनासं झालं. आणि खरं सांगते, मला त्या प्रश्नाची सवय लागली होती. ऑफिसातून येताना रोज काहीतरी रचून ठेवायची मी, सांगायला.

मी ठरवलं की या माणसाला प्रोत्साहन द्यायचं. आणि मी एकदा ठरवलं की छोटं काही होत नाही.

आमच्या भिशीच्या ग्रुपवर मी हुकूम सोडला : 'सर्वांनी आजच ॲप घ्या आणि चौथा मजला यांच्या गोष्टीखाली छान लिहा. त्यावर माझ्याकडच्या भिशीचं जेवण अवलंबून आहे.' बायका एकनिष्ठ निघाल्या. फक्त गोष्ट कोणी वाचली नाही. माझी मैत्रीण कुंदा सगळीकडे जे लिहिते तेच तिने इथे लिहिलं : 'वा, फिनिशिंग मस्त आलं आहे.' एकीने लिहिलं, 'रंग खुलतो तुम्हाला.' तिसरीने विचारलं, 'यात साखर किती घालायची?' पण एकूण कौतुकाचा असा पाऊस पडला की मोबाइल दिवसभर किणकिणत होता. सुधाकरराव संध्याकाळी घरी आले, त्यांनी यादी वर-खाली केली, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"वाचलं तुम्ही? किती लोकांना आवडलं!"

"हाव. पण साखर काहून?"

तेवढ्यात किणकिण झाली. काळा ठिपका. त्यात फक्त एवढंच होतं :

'शेण. नुसतं शेण.'

सुधाकररावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला, खिशातला टेस्टर काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "आता नाही लिहीत. मले नाही जमत ते."

"पण शेवटचा भाग राहिला ना! ती दारात उभी आहे."

खरंच. गोष्टीत शलाका लिफ्टमधून सुटून, इतकं सगळं सोसून, सासरच्या दारासमोर येऊन उभी राहिली होती. बेलकडे हात गेला होता. दार उघडतं की नाही, उघडलं तर आत कोण, एवढंच लिहायचं होतं. वाहिनीने तिला लिफ्टमध्ये सोडलं, माझ्या नवऱ्याने दारात.

आठवडा गेला, आणखी एक गेला. मुक्ता पुण्याहून रोज विचारायची, "बाबांनी लिहिलं का?" घरात पुन्हा फक्त कूलरचा आवाज. आणि गंमत म्हणजे सासूबाईही चिडचिड करायला लागल्या. भाजी खारट, चहा पांचट, कूलर गरम. "काही मजा नाही राहिली या घरात," म्हणायच्या. मला वाटलं, उन्हाळा.

आता मी गुप्तहेर झाले. ठिपक्याच्या सगळ्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'कायचं चांगलं', 'शेजारचं पोट्टं'. पुण्याचा माणूस असं लिहीत नाही. हा माणूस आपल्याच पट्ट्यातला. शिवाय नियमित. भाग टाकला की चार लोकांची स्तुती होऊ देतो आणि मग येतो. आणि स्तुती जितकी जास्त तितका याचा विखार जास्त! म्हणजे कौतुक सहन न होणारा, जळका, रिकामटेकडा, नागपुरी मनुष्य. असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता.

खालच्या मजल्यावरचे खापरे सर.

निवृत्त मास्तर. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'पाणी येणार नाही' अशी सूचना लागली तरी लाल पेन घेऊन तिच्यात दुरुस्त्या करणारे. आयुष्यभर एकाही विद्यार्थ्याला शाब्बास म्हटलं नाही, हा त्यांचा लौकिक. मागे माझं माकडाचं आख्यान ऐकून सगळे लोळत असताना ते म्हणाले होते, "लांबलं." त्याच दिवशी मी त्यांच्या नावापुढे फुली मारून ठेवली होती.

मी सापळा रचला. (नाटकात भूमिका देत नाहीत, त्याचा हा तोटा. माणूस घरात नाटक करतो.) रविवारी सकाळी सरांना तर्री-पोह्यांना बोलावलं. योजना अशी : सगळ्यांसमोर मी गोष्टीचा एक भाग मोठ्याने वाचणार, मग त्याची तुफान स्तुती करणार, मग ॲपवर मुक्ताकडून आणखी स्तुती टाकवणार, आणि बघत राहणार. कौतुक असह्य होऊन सरांचा हात मोबाइलकडे गेला, की झडप.

सुधाकररावांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते बिचारे पोह्यांवर तर्री घेत होते. सासूबाई कोपऱ्यात त्यांच्या खुर्चीत, मांडीवर मोबाइल. सर समोर, तोंडात पोहे.

मी उभी राहिले. अंधाऱ्या लिफ्टचा प्रसंग. मी आवाज कापरा केला, खालचा केला, एका ठिकाणी हुंदका दिला. सुधाकरराव हळूहळू लाल होत गेले.

"अगं, हे काहून वाचून राहिली?"

"वाचू द्या. सर, कसं वाटलं?"

सर चावत राहिले. घास गिळला. दुसरा घास घेतला. माझी खात्री पटली.

"अद्भुत!" मीच म्हटलं. "असं लिहिणारा अख्ख्या नागपुरात नाही! विदर्भात नाही! याची बरोबरी कोण करणार?"

त्याच वेळी मुक्ताने पुण्याहून गोष्टीखाली धडाधड पाच-सहा लाल बदाम टाकले. किणकिण, किणकिण. मी सरांच्या हाताकडे टक लावून बघत होते. सरांचा हात खिशाकडे गेला. मी पुढे झाले.

"सापडलात, सर! तो ठिपका तुम्हीच ना?"

सरांनी खिशातून रुमाल काढला होता.

"कोणता ठिपका?" त्यांनी आधी शर्टाकडे पाहिलं. तर्री सांडली असावी, असं त्यांना वाटलं.

"काळा! शेण लिहिणारा! एका चांगल्या माणसाचं लिहिणं बंद पाडलं तुम्ही!"

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. त्या मोबाइल तोंडाशी धरून अगदी निवांतपणे सांगत होत्या :

"लिही. कायचं अद्भुत. एवढं भंगार मी जन्मात ऐकलं नाही. पाठव."

मोबाइलमधल्या बाईने गोड आवाजात ते सगळं परत वाचून दाखवलं. 'कायचं अद्भुत. एवढं भंगार मी जन्मात ऐकलं नाही.' आणि सुधाकररावांचा मोबाइल टेबलावर किणकिणला.

सर रुमाल धरून तसेच. मी तशीच. सुधाकररावांच्या हातातला चमचा तर्रीत बुडाला.

"आई," मी म्हटलं, "तो ठिपका तुम्ही?"

"हाव. काहून?"

"तुम्ही शेण म्हटलं त्यांच्या लिहिण्याला?"

"मंग काय म्हणू? तुह्या भिशीच्या साऱ्या बाया एका दमात वाहवा करून राहिल्या होत्या. एवढ्या बायांची नजर! बारीक तीट पुरते का तिले?"

तीट. काळा ठिपका. मुक्ताने ॲपवर फोटो कोणता लावू म्हणून विचारलं, तेव्हा आजीने सांगितलं होतं, "काजळाचा गोल ठेव, बस," आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती, हे मुक्ताने मग कबूल केलं. गोजिरवाण्या लेकराला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळा ठिपका लावतात, तशी ही माउली लेकाच्या प्रत्येक भागाला तीट लावत होती! चार लोकांनी कौतुक केलं तर लहान तीट. जास्त केलं तर मोठी. आणि मी भिशीचा अख्खा ग्रुप आणून उभा केल्यावर त्यांनी बिचारीने अख्खं तोंड काळं केलं.

म्हणजे नवऱ्याचं मन मोडणारी ती ओळ माझ्याच प्रोत्साहनाचं फळ होतं. मी हळूच खाली बसले. पोह्यांवर बसले होते, हे नंतर कळलं.

"आई," सुधाकरराव अगदी हळू म्हणाले, "तू वाचते माहं?"

"ऐकते ना रोज दुपारी. मुक्तीनं लावून देल्लं. मंग तीट कायले लावली असती, नसतं ऐकलं तं?"

"मले वाटलं, कोणी एक माणूस आहे ज्याले खरंच आवडून नाही राहिलं."

"तू बी येडाच हाय गा." सासूबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. "आन् ते पोरगी दारात काहून उभी ठेवली? मी रोज दुपारी पाहून राहिली, आज दार उघडते, उद्या उघडते. पाय दुखले असतीन ना तिचे."

म्हणजे घरातली मजा गेली होती ती यामुळे. भाजी खारट नव्हतीच.

सुधाकररावांनी खाली बघत विचारलं, "मंग आवडलं का तुले?"

सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. एवढ्या माणसांत त्या असं काही बोलणं शक्यच नव्हतं. त्या काठी टेकत उठल्या, लेकाच्या खुर्चीपाशी आल्या, त्याच्या मिशांवरून, गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सगळीच्या सगळी. एकही वाजायचं चुकलं नाही.

पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाचा चेहरा बघून मला माझं माकडाचं आख्यान फारच लांबल्यासारखं वाटलं.

खापरे सरांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हे अब्रूनुकसानीचं बोलणार.

"सुधाकरराव," ते म्हणाले, "तुमची गोष्ट मीही वाचतो. पहिल्यापासून. त्या छत्रीच्या प्रसंगात मला रडू आलं होतं. आताही आलं, म्हणून रुमाल काढला."

"मग सर, कधी लिहिलं का नाही खाली?" मी विचारलं. (आवाजात थोडी जरब ठेवली. आरोपाची माफी मागायची वेळ पुढे ढकलायची होती.)

"चांगल्याला चांगलं म्हटलं की तो बिघडतो, असा माझा अनुभव आहे."

"किती जण बिघडले हो आजवर?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कोणाला म्हटलंच नाही," ते म्हणाले, "त्यामुळे सांगता येणार नाही."

आणि मग त्या माणसाने खरोखर मोबाइल काढला, एकेक अक्षर शोधत काहीतरी टाइप केलं आणि पाठवलं. किणकिण झाली. सुधाकररावांनी मोबाइल बघितला. त्यात एकच शब्द होता. 'शाब्बास.' सोसायटीच्या इतिहासातला पहिला.

सासूबाई लगेच आपल्या मोबाइलकडे वळल्या. सुधाकरराव म्हणाले, "आई, याले बारीकच लाव."

दुपारी त्यांनी ड्रॉवरमधून टेस्टर काढून खिशात अडकवला आणि शेवटचा भाग लिहायला बसले. संध्याकाळी तो ॲपवर गेला. शलाका बेल वाजवते. दार सासू उघडते. कोणी रडत नाही, कोणी पाया पडत नाही. सासू तिला वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "आली? हातपाय धू. पोहे थंडे होऊन राहिले."

त्या भागाखाली आजवरची सगळ्यात जास्त मतं आली. भिशीच्या बायकांनी या वेळी वाचून लिहिलं (कुंदा सोडून, तिला फिनिशिंग पुन्हा आवडलं). आणि अर्थात ठिपकाही आला : 'भंगार. कचऱ्यात टाका.' त्यावर बाकीचे वाचक तुटून पडले. तेव्हा लेखकाने खाली उत्तर लिहिलं : 'ठिपक्याला कोणी काही म्हणू नये. तो घरचा आहे.' दुसऱ्या दिवशी दाढी करताना पुन्हा गुणगुणणं सुरू झालं. आता दुसरी गोष्ट सुरू आहे, आणि सुधाकरराव नवीन भाग टाकला की मतं वाचतच नाहीत. आधी खाली खाली जाऊन ठिपका शोधतात. किती काळी तीट लागली यावरून भाग कसा जमला ते त्यांना कळतं.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण मला राहवलं नाही. घरात एवढं कौतुक चाललं असताना मी काय नुसते पोहे करायचे? त्याच मालिकेतल्या खाष्ट काकूवर मीही एक गोष्ट लिहिली. पंधरा दिवस रात्रंदिवस खपले. विनोद घातले, करुण रस घातला, एक माकडही घातलं. ॲपवर टाकली आणि मोबाइल हातात धरून बसले. मला बाकीच्यांचं काही नको होतं. मला फक्त ठिपका हवा होता. 'शेण' आलं तर उत्तम. 'भंगार' आलं तरी चालेल. अगदी 'काही खास नाही' एवढी बारीक तीटसुद्धा मी डोक्यावर घेऊन नाचले असते.

दुपारी किणकिण झाली. काळा ठिपका.

'खूप छान लिहिलं आहे. असंच लिहीत राहा.'

मी ऑफिसातून तडक घरी आले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, तीट कुठे आहे माझी?"

"कायची तीट?"

"माझ्या गोष्टीला! त्यांना लावता ना इतकी काळी काळी!"

सासूबाईंनी मेथीची एक काडी उजेडात धरून पाहिली, फेकली.

"नजर लागासारखं असलं तं तीट लावते ना वं," त्या अगदी मायेने म्हणाल्या.

तेव्हापासून मी लिहीत नाही, बोलतेच. हा एकच लेख अपवाद. छापायला देण्याआधी तो मी सासूबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

त्यांना फार आवडला.